वस्तरा आणि चकाचक पक्ष

जुनी वस्तू चकाचक करून देणाऱ्या माणसाच्या हाती पॉलिशची डबी देण्यापेक्षा माकडाच्या हाती कोलीत दिलेलं बरं. कोलितानं घर जळलं तर निदान राख तरी उरते, आणि ती राख कुणी दिवाणखान्यात काचेच्या कपाटात मांडून पाहुण्यांना दाखवत नाही.

आमच्या आजोबांचा, म्हणजे आप्पांचा, एक वस्तरा होता. 'होता' असंच म्हणतो. वस्तू अजून घरात आहे, पण तिच्यात आता आप्पा नाहीत.

आत्याच्या मते हा वस्तरा पेशवाईतला. नाना फडणवीसांची हजामत यानंच व्हायची, असं ती लग्नकार्यात चारचौघांना सांगे. मी एकदा भिंग घेऊन बसलो. पात्याच्या मागच्या दांड्यावर, जिथं अंगठा टेकतो तिथं, झिजलेली अक्षरं होती : 'शेफील्ड', आणि त्याखाली 'इंग्लंड'. आता गंमत पाहा. अमेरिकेनं १८९० साली जकातीचा कायदा केला आणि १८९१ पासून परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. कारखानदार काय, अमेरिकेला एक ठसा आणि हिंदुस्थानाला दुसरा, असे थोडेच ठेवत बसणार? म्हणून 'इंग्लंड' दिसलं की वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा. नाना वारले १८०० साली. म्हणजे ही हजामत त्यांनी मरणोत्तर एक्क्याण्णव वर्षांनी करून घेतली असणार!

बाकीच्या खुणाही आत्याच्या विरुद्धच साक्ष देत होत्या. दांड्याला मागे वळलेलं शेपूट असतं, ते अठराव्या शतकात जेमतेम असायचं. आमचं चांगलं लांब. जुनी पाती पाचरीसारखी भरीव, आमचं दोन्ही अंगांनी कोरून पोकळ केलेलं. मूठ म्हणे हस्तिदंती. पण तिच्यावरच्या रेघा फुटपट्टीनं आखल्यासारख्या सरळ, आणि अंगठ्यानं जोरात घासली की कापराचा वास! म्हणजे सेल्युलॉइड. ते बाजारात आलं १८७० च्या सुमारास. अर्थात मूठ बदलता येते, म्हणून नुसत्या मुठीवरून निकाल देऊ नये, हेही मी आत्याला सांगितलं. तिनं चार दिवस माझ्याशी अबोला धरला.

तेवढ्यात पुतण्याला उत्साह आला. "काका, द्या इकडे, नवा करून आणतो." आणि त्यानं तो ड्रिल मशीनला पॉलिशचं चाक लावून खरोखरच नवा केला. आरसा नुसता! आत्या हरखली. मी भिंग काढलं. 'शेफील्ड' गेलं, 'इंग्लंड' गेलं, धारेजवळ निळसर झाक आली.

ही निळी झाक म्हणजे पोलादाचं मरण. पाणी दिलेलं पोलाद इतकं तापलं की मऊ पडतं. त्याला मग जन्मभर धार धरत नाही. शिवाय वस्तरा दगडावर लावतात तो पाठ आणि धार दोन्ही टेकवून. धारेचा कोन पाठीच्या जाडीवर ठरतो. पुतण्यानं पाठही घासली होती, एकीकडे जास्त, एकीकडे कमी. असा वस्तरा पाजळायचा कुठल्या कोनात, ते आता नानाच सांगोत.

"पण काका, गंज होता ना!" होता. गंजाला तेल लावावं, मुरू द्यावं, मग बारीकातल्या बारीक पॉलिश पेपरनं हातानं, पुन्हा सांगतो, हातानं, अलगद घासावं. लाल गंज काढावा, काळे डाग राहू द्यावेत. ते धारेवर नसले तर कुणाचं काय खातात? ठशाला बोटसुद्धा लावू नये. सेल्युलॉइड मात्र कुजायला लागलं असेल तर मूठ काढून लांब ठेवावी, कारण त्याच्या वाफेनं शेजारची पातीही गंजतात. एवढंच. यात चकाकी कुठं आली?

चकाचक पक्षाचं म्हणणं असं की वस्तू नीटनेटकी दिसली तर बिघडलं कुठं? बिघडलं ते सांगतो. त्या पात्याची धार मधोमध किंचित आत गेली होती. आप्पांना कचेरीची घाई. दगडावर फिरवताना त्यांचा दाब नेहमी मधेच पडायचा. रोज सकाळी थोडी थोडी अशी ती खोबण पडली होती. आप्पांचा फोटो आमच्याकडे एकच, तोही ग्रुपमधला, मान दुसरीकडे वळवलेली. ती खोबण जास्त ओळखीची होती. पुतण्यानं ती कानशीनं सरळ केली. "वाकडं दिसत होतं," म्हणाला.

वस्तरा आता काचेच्या कपाटात आहे. ठसाच नसल्यामुळे आत्याचा दावा खोडायला माझ्याकडे काही उरलेलं नाही, आणि नाना फडणवीस दिमाखात परत आले आहेत.

ट्रंकेत आणखी एक वस्तरा सापडला आहे. आत्या म्हणते, हा शिवकालीन. त्याच्यावर 'जर्मनी' लिहिलेलं आहे. मी तो गव्हाच्या कोठीत तळाशी पुरून ठेवला आहे. पुतण्याला कृपा करून सांगू नका.