फुकट तिकीट नको, आधी माहिती द्या

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आपल्या मंडळात वार्षिक सहलीची चर्चा सुरू होते. पूर्वी सहल म्हणजे पावागड, आजवा, नाही तर नर्मदेकाठचे चांदोद. आता मुलांना थीम पार्क हवे असते, आणि त्यात गैर काही नाही. मात्र या चर्चेत एक प्रश्न कधी निघत नाही. ज्या घरात अपंग मूल आहे आणि ते आता पंधरा-सोळा वर्षांचे झाले आहे, त्या घराने सहलीला नावे नोंदवायची की नाही?

आम्ही अशा घरांपैकी एक. मुलगा सोळा वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याला चालता येत नाही, बोलणे मोजके आहे, पण समज पक्की आहे. पाच वर्षांचा होता तेव्हा त्याला कडेवर घेऊन कुठेही जाता येई. आज त्याचे वजन पंचेचाळीस किलो आहे. ‘त्याला तिथे काय कळणार, पैसे वाया जातील,’ असे सांगणारे हितचिंतक भेटतात. त्याला सगळे कळते. मित्रांनी सांगितलेल्या राइडची नावे त्याला तोंडपाठ आहेत.

बँकेतल्या कारकुनाच्या घरी अशी सहल महिनोन् महिने आधी ठरते. रजा, एलएफसी, रेल्वेचे आरक्षण, सगळे जुळवावे लागते. रेल्वेचे नियम छापील आहेत. दुसऱ्या वर्गात, स्लीपरमध्ये आणि थर्ड एसीत अशा प्रवाशाला व त्याच्या सोबत्याला भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते, हे घरबसल्या कळते. पार्कचे तसे नाही. आम्ही एका मोठ्या पार्कला तीनदा फोन केला. पहिल्यांदा उत्तर आले, ‘व्हीलचेअर मिळेल.’ दुसऱ्यांदा, ‘अपंगांना तिकिटात सूट आहे.’ तिसऱ्यांदा, ‘तुम्ही या तर खरे, इथे बघून घेऊ.’ या ‘बघून घेऊ’वर भरवसा ठेवून तीन माणसांची तिकिटे, हॉटेल आणि दोन दिवसांचा प्रवास कोणी ठरवावा?

आमच्यासारख्या घरांचे प्रश्न साधे असतात. ते असे :

१) वाहनतळापासून आतपर्यंत पायऱ्या कुठे आहेत, उतार कुठे आहे आणि दारे किती रुंद आहेत?

२) कोणत्या राइडवर खुर्चीसकट जाता येते, कोणत्या राइडसाठी खुर्चीतून उचलून बसवावे लागते, कोणत्या राइडला मनाई आहे आणि का?

३) मोठ्या मुलाचे कपडे बदलायला आडोशाची जागा व रुंद बाक आहे का? तान्ह्या बाळांसाठी भिंतीला लावलेली फळी सोळा वर्षांच्या मुलाला उपयोगाची नाही.

४) उन्हात तासभर रांगेत थांबणे शक्य नसेल तर दुसरी वाट आहे का?

५) घरचे मऊ केलेले जेवण आणि औषधे आत नेऊ देतील का? बाहेरचे अन्न आणू नये, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो.

यांतला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच विचारायला लोक संकोचतात. ती जागा नसेल तर तिकीट फुकट मिळूनही दोन-तीन तासांत परतावे लागते. ओल्या कपड्यांत मुलाला दिवसभर कोणते आईबाप ठेवतील?

एक गोष्ट स्पष्ट करतो. सुरक्षेच्या नियमांबद्दल आमची तक्रार नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्याच हरणी तलावात शाळेची १२ मुले व २ शिक्षिका बोट उलटून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात राजकोटच्या गेम झोनला आग लागली. त्यानंतर ‘चालतंय, बसवा’ असे म्हणण्याची हिंमत बडोद्यात कोणी करू नये. ज्या राइडवर दांडा घट्ट धरता आलाच पाहिजे, तिथे आमच्या मुलाला नाही म्हटले तर ते योग्यच. परंतु ते नाही कारणासह आणि आधी सांगावे. तासभर रांगेत उभे केल्यावर, शंभर माणसांदेखत सांगू नये. आणि संथ आगगाडी किंवा बसून पाहायचा खेळ यांनाही मनाई करून त्याला सुरक्षा म्हणू नये.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. या नव्या कायद्याने ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत खासगी इमारतीही घेतल्या आणि त्यात करमणुकीच्या जागांचा स्पष्ट उल्लेख केला. जुन्या इमारतींत सोयी करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत २०२२ सालीच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच नियमांतल्या एका कलमावर बोट ठेवले. सोयींचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवणे मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे सांगून बंधनकारक नियम करायला सरकारला तीन महिने दिले. पहिल्या उल्लंघनाला दंड मात्र दहा हजार रुपयांपर्यंतच आहे. बड्या पार्कच्या गल्ल्यात एवढी रक्कम तीन-चार कुटुंबांच्या तिकिटांतून जमा होते. तेव्हा दंडाच्या धाकाने कोणी उतार बांधील, अशी आशा नको.

अशा सोयी करता येत नाहीत, असेही नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला २०१० साली ‘मॉर्गन्स वंडरलँड’ हे पार्क उघडले. एका बापाने आपल्या मुलीची अडचण पाहून ते उभे केले. तिथल्या झोपाळ्यावर आणि चक्रावर व्हीलचेअरसकट जाता येते. सगळी पार्के तशी व्हावीत, असा हट्ट नाही. एक बाक, एक उतार आणि एक खरा माहितीचा कागद एवढे तरी प्रत्येकाला परवडते.

आता आपल्याकडे वळू. २०११ च्या जनगणनेत गुजरातेत सुमारे ११ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. म्हणजे दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, वाडीतही अशी घरे आहेत. ती सहलीला दिसत नाहीत, कारण ती स्वतःहूनच नावे देत नाहीत. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, याचा आपण दर जयंतीला अभिमानाने उल्लेख करतो. सर्वांसाठी म्हणजे सर्वांसाठी, हाच त्यातला धडा आहे.

म्हणून मंडळाला आमची विनंती आहे. यंदा पार्कचे आरक्षण करण्यापूर्वी वरचे पाच प्रश्न मंडळाच्या लेटरहेडवर पाठवावेत आणि लेखी उत्तर घ्यावे. एका बापाच्या फोनला ‘बघून घेऊ’ म्हणता येते, दीडशे तिकिटे घेणाऱ्या मंडळाला तसे म्हणता येत नाही. आलेले उत्तर याच पत्रिकेत छापावे. उत्तर आले नाही तर अपंगांसाठीच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार करावी आणि सहल दुसरीकडे न्यावी. सहलीच्या फॉर्मवर ‘कोणाला काही विशेष सोय लागेल का?’ अशी एक ओळ घालावी. दोन-तीन तरुण कार्यकर्त्यांनी तासातासाची पाळी घ्यावी, म्हणजे त्या मुलाच्या आईलाही कधी नव्हे तो एखादा पाळणा मिळेल.

आणि महापालिकेच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एक प्रश्न विचारावा. अपंगांसाठी सोय नसलेल्या इमारतीला बांधकामाची परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे २०१६ चा कायदा सांगतो. आपल्या शहरात असे किती दाखले अडवले गेले? मराठी मते एकगठ्ठा आहेत, असे सगळेच पक्ष मानतात. ती एकदा या प्रश्नासाठीही एकगठ्ठा असू द्यावीत.