नळ किती दिवसांनी येणार, ते आधी सांगा



१५ जानेवारी २०२६ ला नांदेड-वाघाळा आणि लातूर महानगरपालिकांचे मतदान आहे. दोन्हीकडे २०१७ नंतर निवडणूक झाली नव्हती. २०२२ मध्ये मुदत संपली, तेव्हापासून कारभार प्रशासकाच्या हाती. नाली तुंबली तर कुणाचे दार ठोठवायचे, हेच वस्तीला कळत नव्हते. आता मात्र आपल्याच दारात रांग लागली आहे.

हाती येणाऱ्या पत्रकांत रस्ते, हायमास्ट, पेव्हर ब्लॉक, सभामंडप हे सगळे असते. 'पर्यावरण' असलेच तर वृक्षारोपण, उद्यान, घाटाचे सुशोभीकरण. झाडे हवीतच, पत्र्याच्या घरात मराठवाड्याचा मे महिना काढणाऱ्याला सावलीची किंमत सांगावी लागत नाही. पण आपल्या वस्तीचे पर्यावरण उंबऱ्यापाशी सुरू होते. नळ, नाली, ड्रम, धूर. आम्ही घरोघरी तापाचे रुग्ण बघत फिरतो, म्हणून हे ठासून सांगतो.

डेंग्यूचेच घ्या. हा डास गटारात नाही, घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. नळ आठवड्याने येत असेल आणि ड्रम पूर्ण रिकामा होतच नसेल, तर त्यात डास तयार होतो. वर आम्हीच येऊन सांगणार, "ताई, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा." ताई विचारते, "पाणी फेकून देऊ, मग नळ येईपर्यंत लेकरांना काय पाजू?" तिचे बरोबर आहे. ड्रमला कापड बांधा, रिकामा झाला की आतून ब्रशने घासा, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन् महिने टिकतात. हे आपले काम झाले. पण नळाचे वेळापत्रक महापालिकेच्या हातात आहे, आणि आमच्या मते शहराचे डेंग्यूचे धोरण ते वेळापत्रकच आहे. फवारणीची गाडी त्यानंतर.

दुसरी गोष्ट काविळीची. नळ बंद असतो तेव्हा पाइप रिकामा असतो आणि फुटक्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. एका वस्तीत आम्ही रुग्ण मोजत गेलो तर सगळे एकाच गल्लीतले निघाले. पाइप नालीतून गेलेला. अर्ज दिला, पोच घेतली, पुढचा पावसाळा आला तरी पाइप तिथेच. पाण्यातून होणारी ही कावीळ शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. क्लोरीन तपासायला ओटीचे दोन-चार थेंब पुरतात, पाणी पिवळसर झाले पाहिजे. ही तपासणी टाकीजवळ नको, गल्लीच्या शेवटच्या घरी करा, असे उमेदवाराला सांगा.

लातूरकरांना पाण्याचे वेगळे सांगायला नको. मांजरा धरण आटले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. पण गेल्या पावसाळ्यात मांजरा भरले. आता दुष्काळाची सबब नाही. नळ रोज का येत नाही, गळती किती, मीटर कुणाला, टँकर कुणाचे, हे विचारायची हीच वेळ आहे. नांदेडात प्रश्न उलटा आहे. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की गोदाकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरते आणि नालीचे पाणी घरात येते. शहराचे सांडपाणी गोदावरीत जाते, ते थांबवल्याशिवाय घाट चकचकीत करून काय उपयोग?

कचऱ्याचेही तसेच. नांदेडचा कचरा तुप्प्याला, लातूरचा वरवंटीला. आपल्या दारातून गेला म्हणजे संपला असे नाही, तिथेही लेकरे राहतात. उघड्यावर कचरा जाळायला नियमांनी मनाई आहे. आणि तो उचलणारे हात बहुतेक आपल्याच घरातले, कंत्राटावरचे. त्यांना हातमोजे, गमबूट, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि हिपॅटायटिस-बीचे तीन डोस मिळतात का? सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. हा प्रश्न कुठल्याच पत्रकात आम्हाला दिसला नाही, आपल्या समाजाच्या उमेदवारांच्याही नाही. त्यांनाही विचारा.

थोडे आपल्याबद्दल. दर निवडणुकीला आपण सभामंडप मागतो, तो मिळतो आणि पाच वर्षांची तोंडे बंद होतात. विहार हवेच. पण विहाराच्या मागे नाली तुंबलेली असताना आपण फरशीवर समाधान मानतो, हे आम्हाला पटत नाही. महाडच्या चवदार तळ्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. कागदावर तळे खुले, प्रत्यक्षात नाही. म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना ओंजळीने पाणी प्यावे लागले. तेव्हा तोंडी आश्वासन घेऊ नका, आणि लेखी घेतले तरी तेवढ्यावर थांबू नका.

बहुतेक प्रभागांत यंदा एका मतदाराला चार मते द्यायची आहेत. उद्या चौघेही म्हणतील, "ती गल्ली माझ्याकडे नाही." म्हणून चौघांनाही एकत्र बोलवा. मतदानाच्या आदल्या दिवशी, १४ तारखेला, नामविस्तार दिन आहे. विहारात आपण जमणारच आहोत, पण तोवर प्रचार थांबलेला असेल. तेव्हा उमेदवारांना त्याआधीच्या एखाद्या संध्याकाळी बोलवा. एका वहीत लिहून घ्या : नळ किती दिवसांनी, किती वाजता, नालीतला पाइप कोणत्या महिन्यात बदलणार, घंटागाडी आत येणार की चौकातच थांबणार. खाली चौघांच्या सह्या. वही विहारातच राहू द्या आणि नळ आला त्या दिवशी कुणीतरी तारीख टाकत जा. आठवी-नववीतल्या मुलींना हे काम द्या, त्या विसरत नाहीत.