शिक्षणाला उमेदवारीची जोड : जबलपूरचा धडा

विज्ञानाचे शिक्षण दोन ठिकाणी होत असते. एक शाळेच्या वर्गात आणि दुसरे प्रत्यक्ष कामाच्या जागी. वर्गात निसर्गाचा नियम कळतो. कामाच्या जागी तो नियम न पाळल्यास काय घडते हे कळते. ही दोन्ही शिक्षणे एकमेकांस पूरक आहेत याबद्दल कोणाचे दुमत नाही. तथापि आपल्या देशात ती दीर्घकाळ एकमेकांपासून दूर राहिली. एक पुस्तकी विद्या म्हणून प्रतिष्ठित झाले, दुसरे हातचे काम म्हणून उपेक्षित राहिले. या वियोगाची किंमत आजचा तरुण मोजीत आहे. परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही पहिल्याच मुलाखतीत त्याला अनुभव विचारला जातो, आणि अनुभव मिळण्यासाठी प्रथम काम मिळाले पाहिजे, या चक्रात तो अडकतो.

या चक्रातून सुटण्याचा मार्ग मराठी समाजाला अपरिचित नाही. वकिलाच्या कचेरीत, छापखान्यात, सोनाराच्या पेढीवर, वैद्याच्या हाताखाली काही काळ उमेदवारी करावयाची आणि मग स्वतंत्र व्यवसायास लागावयाचे, ही रीत जुनीच आहे. आज जिला इंटर्नशिप म्हणतात ती या उमेदवारीचीच नवी आवृत्ती होय. प्रश्न इतकाच, की विज्ञान व तंत्रविद्या शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला तिचा लाभ कसा मिळावा. या प्रश्नाचा विचार करण्यास जबलपूरइतके बोधप्रद शहर क्वचितच सापडेल.

एका शहरातील दोन परंपरा

जबलपुरात विद्येची परंपरा मोठी आहे. तेथील शासकीय विज्ञान महाविद्यालयाचे मूळ १८३६ साली सागर येथे निघालेल्या शाळेत आहे. ती संस्था १८७३ साली जबलपुरास आली आणि पुढे रॉबर्टसन कॉलेज या नावाने प्रसिद्धीस पावली. १९४७ साली येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. नागपूर ही राजधानी असलेल्या तत्कालीन मध्यप्रांत-वऱ्हाडातील ते पहिले अभियांत्रिकी महाविद्यालय. नागपुरात विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली निघाले. तोपर्यंत विदर्भातील अनेक होतकरू तरुणांनी जबलपूरचीच वाट धरली. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन जबलपूर मध्यप्रदेशात राहिले आणि विदर्भ वेगळा झाला. परंतु भोसल्यांच्या काळापासून तेथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांमुळे तो धागा तुटला नाही. पुढे १९६४ साली कृषिविश्वविद्यालय आणि २००५ साली अभिकल्प व निर्मिती यांचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था येथे आली.

दुसरी परंपरा कारखान्यांची. मुंबई, मद्रास व फतेगड येथील तोफगाडे बांधण्याचे काम एकत्र आणून १९०४ साली जबलपुरात गन कॅरेज फॅक्टरी सुरू करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. सैन्याला परिचित असलेल्या ‘शक्तिमान’ ट्रकची बांधणी जर्मनीतील ‘मान’ कंपनीच्या सहकार्याने याच शहरात झाली, आणि १९६९ साली तिच्यासाठी स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला. २०१९ साली सैन्याच्या स्वाधीन झालेली ‘धनुष’ तोफ गन कॅरेज फॅक्टरीतूनच बाहेर पडली.

अभियांत्रिकी महाविद्यालय ज्या रांझी भागात आहे, तेथून हे कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. सकाळी एकाच रस्त्याने विद्यार्थी महाविद्यालयाकडे आणि कामगार फाटकाकडे जातात. परंतु रस्ता एक असला म्हणजे शिक्षण एक झाले असे होत नाही. वर्षातून एकदा काढलेली कारखान्याची सहल आणि अखेरीस मिळणारे दोनचार आठवड्यांचे प्रमाणपत्र, एवढ्यावर पुष्कळ ठिकाणी हा संबंध संपतो.

गणित आणि गज

यात विद्यार्थ्याचे काय हरवते, हे एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक असते. पोलादाचा १ मीटर लांबीचा गज तापमान १ अंशाने वाढले म्हणजे सुमारे ०.०१२ मिलिमीटरने लांबतो, हा आकडाही तो पाठ करतो. परीक्षेत त्यावर गणित येते, तो ते सोडवतो आणि विसरतो.

आता ‘धनुष’ तोफेचा विचार करा. तिचा व्यास १५५ मिलिमीटर आणि लांबी ४५ कॅलिबर, म्हणजे व्यासाच्या ४५ पट, अशी सांगितली जाते. गुणाकार केल्यास नळीची लांबी ७ मीटरांच्या जवळपास येते. जबलपुरात पौषातील पहाट आणि वैशाखातील दुपार यांच्या तापमानात ३० अंशांचा फरक सहज पडतो. एवढ्या फरकाने ७ मीटरांचे पोलाद सुमारे अडीच मिलिमीटर लांबते. यंत्राच्या भागांची मापे जेथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत पाहावी लागतात, तेथे अडीच मिलिमीटर ही केवढी मोठी रक्कम झाली! म्हणूनच अचूक मापनासाठी २० अंश सेल्सियस हे तापमान जगभर प्रमाण मानलेले आहे, आणि मोजमापाची खोली त्या तापमानास ठेवली जाते.

लेथवर काम करणारा जुना टर्नर हेच वेगळ्या वाटेने शिकलेला असतो. १०० मिलिमीटर व्यासाचा दांडा कापून काढला, तो अजून गरम आहे, मायक्रोमीटर लावला, माप बरोबर आले. पण दांडा २५ अंशांनी निवल्यावर त्याचा व्यास सुमारे ०.०३ मिलिमीटरने कमी भरतो आणि भाग बाद होतो. हा टर्नर गरम दांडा मोजीत नाही. कारण विचारल्यास तो कदाचित सूत्र सांगणार नाही. सूत्र जाणणारा विद्यार्थी मात्र गरम दांडाच मोजील. या दोघांना एका यंत्रापाशी चार महिने उभे केले, तर टर्नरला कारण कळेल आणि विद्यार्थ्याला सूत्राचा अर्थ कळेल. उमेदवारीचे सारे प्रयोजन याहून अधिक सोप्या रीतीने सांगता येणार नाही. असे टर्नर निवृत्त होत आहेत. त्यांच्या हातातील ज्ञान कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते घ्यावयास कोणी जवळ उभे नसेल, तर ते त्यांच्याबरोबरच फाटकाबाहेर जाईल.

उमेदवारी म्हणजे स्वस्त मजुरी नव्हे

या विचारावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांची दखल घेतली पाहिजे. पहिला आक्षेप असा, की उमेदवाराच्या नावाखाली मालकाला स्वस्त मजूर मिळतात. हा आक्षेप खोटा नाही, आणि जबलपूरच्या इतिहासातच त्याचा दाखला आहे. ठगांचा बंदोबस्त झाल्यावर १८३७च्या सुमारास स्लीमन यांच्या पुढाकाराने येथे ‘स्कूल ऑफ इंडस्ट्री’ काढण्यात आली. पकडलेल्या ठगांना व त्यांच्या मुलांना तेथे तंबू व गालिचे विणण्याचे काम शिकविले जाई. हाताला कसब मिळाले. पण ते बंदिवासातले कसब होते. तेथून पुढे कोठे जावे, काय शिकावे, हे ठरविण्याची मुभा शिकणाऱ्यास नव्हती. नावात शाळा असली म्हणजे ती शाळा होतेच असे नाही. ज्या कामातून शिकणाऱ्याची समज आणि निवड वाढत नाही, ते काम शिक्षण नव्हे.

यासाठीच कायद्याचे बंधन हवे. आपल्या देशात शिकाऊ उमेदवारांविषयीचा कायदा १९६१ साली झाला. १९७३ साली पदवीधर व पदविकाधारक अभियंत्यांचा त्यात समावेश करण्यात आला. २०१९ साली सुधारलेल्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घ्यावयाचे असून त्यांना विद्यावेतन द्यावयाचे आहे. २०२४ साली मोठ्या कंपन्यांतून पाच वर्षांत १ कोटी तरुणांस इंटर्नशिप देण्याची केंद्र शासनाची योजना जाहीर झाली. संख्या मोठी आहे. परंतु उमेदवाराला खरोखर कोण शिकविणार, हा प्रश्न संख्येने सुटत नाही.

दुसरा आक्षेप असा, की जबलपूरचे कारखाने संरक्षणाचे आहेत; तेथे गुप्तता आणि धोका दोन्ही आहेत. हेही खरे. दारूगोळा भरण्याच्या जागी विद्यार्थ्यास नेऊ नये, हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु हत्यारे बनविण्याचा विभाग, मोजमापाची खोली, ओतकाम, वाहनांची देखभाल, यांत गुप्त असे फारसे नसते. शिवाय शहरात पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे, वीजव्यवस्थेच्या कचेऱ्या आहेत, तण-संशोधनाची आणि उष्ण कटिबंधातील वनांच्या संशोधनाची राष्ट्रीय केंद्रे आहेत. इतकेच नव्हे, तर बारा सिमला टेकडीच्या परिसरात १८२८ साली स्लीमन यांनाच प्राचीन हाडे सापडली, आणि त्यांवरून १८७७ साली लिडेकर यांनी ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ या महाकाय सरड्याला नाव दिले. नर्मदेवरील लमेटा घाटाचे नाव तर त्या थरांमुळे भूशास्त्राच्या ग्रंथांत गेले. भूशास्त्राच्या उमेदवाराला याहून मोठी प्रयोगशाळा कोणती हवी?

इतर देशांचा अनुभव

जर्मनीत १९६९च्या कायद्याने व्यवसायशिक्षणाची जी घडी बसविली, तीत उमेदवार आठवड्यातील एकदोन दिवस शाळेत आणि उरलेले दिवस कारखान्यात शिकतो. दोन्हीकडील शिक्षण एकाच अभ्यासक्रमाचे भाग मानले जातात. ‘जर्मनी श्रीमंत आहे’ असे म्हणून हे उदाहरण बाजूस सारणाऱ्यांनी कॅरिबियन समुद्रातील जमैकाकडे पाहावे. आपल्या जबलपूरच्या महाविद्यालयानंतर एकाच वर्षाने, १९४८ साली, तेथे वेस्ट इंडीजच्या बेटांसाठी विद्यापीठीय महाविद्यालय निघाले. परंतु पदव्यांनी सगळ्या तरुणांना काम मिळेना. तेव्हा १९८२ साली तेथील शासनाने प्रशिक्षणासाठी स्वतंत्र निधी उभारला आणि ठराविक मर्यादेपेक्षा अधिक पगार वाटणाऱ्या उद्योगांवर वेतनखर्चाच्या ३ टक्के इतका आकार बसविला. तरुणांना शिकविणे हा मालकाचा परोपकार नसून त्याच्या व्यवसायाचा खर्च आहे, हे तत्त्व एका लहानशा देशाने मान्य केले.

भारतानेही १९६४पासून तंत्रसहकार्याच्या योजनेखाली आशिया, आफ्रिका आणि कॅरिबियन देशांतील तरुणांना येथे बोलावून शिकविले आहे. दूरच्या पाहुण्यास जे आपण देऊ शकतो, ते फाटकाशेजारच्या शाळेतील मुलास नाकारण्याचे कारण उरत नाही.

काय करता येईल

मोठ्या योजनांची वाट न पाहता चार गोष्टी करता येतील. उमेदवारीचा काळ आठवड्यांत न मोजता महिन्यांत मोजावा, आणि तिचे गुण परीक्षेत धरावेत. प्रत्येक उमेदवारामागे कारखान्यातील एक जाणता कारागीर आणि महाविद्यालयातील एक अध्यापक नेमावा. कारागिराला त्याबद्दल मानधन व मान दोन्ही मिळावेत. उमेदवाराने रोजची टिपणवही ठेवावी व तीत केलेल्या कामाबरोबर झालेल्या चुकाही नोंदवाव्यात. आणि मुलींना केवळ परवानगी देऊन थांबू नये. त्यांच्या जाण्यायेण्याची, कपडे बदलण्याच्या खोलीची, स्वच्छतागृहाची सोय आधी करावी. या सोयींअभावी गुणी मुलगी घरी राहते आणि दोष मात्र तिच्या आवडीनिवडीला दिला जातो.

शाळांनाही यात वाटा उचलता येईल. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, माळी, कुंभार अशा जाणकारांपाशी काम शिकावे असे सुचविले आहे. हे दहा दिवस सहलीत घालवू नयेत. गावातील ग्रंथालयाने आपल्या परिसरातील कार्यशाळा, वीजकेंद्रे, शेतीची प्रयोगक्षेत्रे आणि निवृत्त कारागीर यांची यादी त्यांच्या संमतीने तयार करून फलकावर लावली, तर शिक्षकाचे निम्मे काम होईल. या कामास अनुदान लागत नाही.

जबलपूरला जे मिळाले आहे ते प्रत्येक शहराला मिळालेले नाही. परंतु मराठी मुलखातील प्रत्येक तालुक्यात एखादी गिरणी किंवा कारखाना, एखादे दुरुस्तीचे गॅरेज आणि एखादी शाळा असतेच. त्यांच्यामधील भिंत विटांची नाही. ती सवयीची आहे. मुलाने प्रसरणाचे गणित सोडवून झाल्यावर शिक्षकाने त्याला शेजारच्या लेथपाशी नेऊन गरम दांडा व थंड दांडा असे दोन्ही मोजावयास लावले, तर त्या भिंतीतील पहिली वीट निघेल.