ढाळ मोडला तर

टाकाऊ प्लास्टिकचं काय करायचं, या प्रश्नाला आपण हाताला लागेल ते उत्तर देऊ लागलो आहोत. मदुराईचे राजगोपालन वासुदेवन यांनी डांबरात प्लास्टिक मिसळून रस्ते करून दाखवले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती योग्यच. आता पुढची टूम निघाली आहे: भुयारी गटाराच्या पाइपखाली पुनर्प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकचा पाया. नेदरलँड्समध्ये असे आधार वापरतात. जलजीवन मिशनमुळे माणशी रोज 55 लिटर पाणी गावोगाव पोचवायचं ठरलं. नळ आले की सांडपाणी आलंच. त्यामुळे हा प्रस्ताव इगतपुरीजवळच्या घोटीसारख्या गावातही कधीतरी येईल. तो आला, तर आधी जमीन पाहावी.

नेदरलँड्सची जमीन दलदलीची. तिथे काँक्रीट स्वतःच्याच वजनाने रुतत जातं, म्हणून पाया हलका हवा. घोटीच्या खाली काळा कातळ, त्यावर मुरूम आणि भातखाचरांकडे सरकलं की चिकट माती. एकाच चरात इथे सब्बल खणखणतं, तर पुढे ते मातीत घुसतं. म्हणजे जमीन मऊ असणं ही इथली अडचण नाही, ती एकसारखी नसणं ही आहे. तिच्यावर हलका पाया हा उपाय म्हणजे आग सोमेश्वरी नि बंब रामेश्वरी. कातळावर कच किंवा वाळूची गादी, मातीत खडी किंवा साधं काँक्रीट (पीसीसी), हे इथल्या जुन्या मुकादमाला कुणी शिकवावं लागत नाही.

त्यात पाऊस. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. चर कितीही धुमसला तरी भराव मूळ जमिनीइतका घट्ट होत नाही. पाणी त्याच वाटेने धावतं आणि पाइपखालची बारीक माती धुऊन नेतं. 300 मिलिमीटर व्यासाचा रिकामा पाइप पाण्याखाली गेला, की पाणी त्याला मीटरमागे सुमारे 70 किलोच्या जोराने वर ढकलतं. काँक्रीटचं वजन त्याला धरून ठेवतं. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तर मुळातच पाण्यापेक्षा हलकी.

यापेक्षाही मोठी भीती दबण्याची आहे. सतत भाराखाली राहिलेलं प्लास्टिक वर्षानुवर्षं थोडं थोडं दबत जातं. प्रयोगशाळेत ठोकळा काही मिनिटं दाबून मिळालेला दाखला त्याबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय भंगारातल्या मालाचा भरवसा काय? आज ड्रम आणि बादल्या, उद्या दुधाच्या पिशव्या. प्रत्येक लॉट वेगळा.

गटार पंपावर नाही, ढाळावर चालतं. 1000 मीटरला 4 मीटर ढाळ धरला, तर अडीच मीटरच्या ह्यूम पाइपच्या दोन टोकांत फरक फक्त 10 मिलिमीटर. खालचा एक आधार तेवढा दबला की ढाळ मोडला. मग मैला थबकतो, गाळ बसतो, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि त्यातून बनणारं आम्ल पाइपचं काँक्रीट आतून, वरच्या बाजूने खात जातं. सांधा सुटला की घाण विहिरींकडे आणि दारणा नदीकडे. चेंबर तुंबलं की आधी बांबूच्या कांबी घालतात आणि त्याने भागलं नाही तर माणूस. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला असं उतरवायला 2013च्या कायद्याने बंदी आहे. तरी मृत्यू होत राहिले, म्हणून 2023 साली सर्वोच्च न्यायालयाला भरपाई 30 लाख करावी लागली.

रस्ता खचला तर खड्डा दिसतो, गावकरी ओरडतात. गटाराचा पाया बिघडला हे कळेपर्यंत ठेकेदाराची जबाबदारीची मुदत संपलेली असते आणि दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडते. प्लास्टिक वापरायचंच असेल तर बाकं, कुंपणाचे खांब, पेव्हर ब्लॉक अशा उघड्यावर दिसणाऱ्या कामांत वापरावं. पायाचा प्रयोग करायचाच, तर दोन चेंबरांमधल्या एकाच टप्प्यावर. लेव्हल एकदा मे महिन्यात घ्यावी, पुन्हा पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात, आणि असे काही पावसाळे ओलांडल्याशिवाय पुढच्या टप्प्याची निविदा काढू नये. आज मात्र लेव्हल मे महिन्यात, जमीन कोरडीठाक असताना घेतली जाते आणि तिच्यावरच बिल निघतं.