घर घेताना आपण कागद का वाचत नाही?

आमच्या घरात, कपाटाच्या वरच्या खणात एक पिशवी असते. साडीच्या दुकानाची, जुनी, हँडल शिवून घेतलेली. तिच्यात अब्बांच्या नालासोपाऱ्यातल्या फ्लॅटचे सगळे कागद आहेत: बिल्डरने दिलेल्या पावत्या, नोटरीचा करार, घरपट्टी, लाइट बिल. अब्बांनी गोदीत पस्तीस वर्षं नोकरी केली. २०१७ मध्ये फंडाचे पैसे आणि माझगावच्या पागडीच्या खोलीचे आलेले पैसे एकत्र करून त्यांनी हा फ्लॅट घेतला. एकरकमी, कुणाचं एक पैशाचं कर्ज न घेता. पिशवी हातात घेताना त्यांच्या चेहऱ्यावर आजही तो अभिमान दिसतो.

२०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. ती जमीन सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. टीव्हीवर लोक आपापले करार, पावत्या, घरपट्टी कॅमेऱ्यासमोर धरत होते. त्या रात्री अब्बांनी पिशवी काढली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "तू इंजिनिअर झालास. बघ, यातलं खरं किती आहे."

मी बघितलं. मला काहीही कळलं नाही. बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय, चाचणी झाल्याशिवाय एक ओळ पुढे पाठवत नाही. आणि आई-बापाच्या आयुष्यभराची कमाई ज्या कागदांवर उभी होती, ते मी एकदाही वाचले नव्हते.

हा लेख त्या लाजेतून लिहितोय. माझ्या वयाच्या, म्हणजे आता आई-वडिलांसाठी किंवा स्वतःसाठी वसई-विरारमध्ये घर बघणाऱ्या भावा-बहिणींसाठी.

आपली माणसं इथे का येतात ते मला कळतं. मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आयुष्य गेलेल्या माणसाला स्वतःचं बाथरूम आणि समोर आकाश दिसणारी खिडकी हवी असते. गावी कोकणात परत जावं तर दवाखाना लांब आणि मुलं मुंबईत. वसई-विरार मधलं ठिकाण आहे. चर्चगेटहून विरार साठ किलोमीटर, तिकीट परवडणारं. अब्बांचा दिवस इथे छान जातो. फजरनंतर चालणं, स्टेशनजवळ वसईच्या पश्चिम पट्ट्यातून आलेल्या बायकांकडून भाजी आणि केळी घेणं, दुपारी पंख्याखाली पेपर, असरनंतर मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर माझगावचेच जुने दोन सोबती. अम्मीला शेजारी बोलायला बायका आहेत. पाणी दिवसाआड यायचं तेव्हा टँकरच्या नावाने चिडचिड व्हायची, लिफ्ट बंद पडली की पाच मजले चढताना अम्मी प्रत्येक मजल्यावर थांबते. पण त्या दोघांनी कधी "चूक केली" असं म्हटलेलं नाही. निवृत्त माणसाला लागतं ते सगळं तिथे होतं. फक्त पायाखालची जमीन कायद्याने त्यांची आहे का, हे कुणी पाहिलं नव्हतं.

का पाहिलं नाही? तीन कारणं मला दिसतात आणि तिन्ही आपल्या समाजात घट्ट बसलेली आहेत.

पहिलं, बंद दारं. नालासोपाऱ्याच्या आधी आम्ही वसई पश्चिमेला एका सोसायटीत फ्लॅट पाहिला होता. भाव ठरला, टोकन द्यायचं ठरलं. एजंटने फोनवर पूर्ण नाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी कळलं की मालकाचा विक्रीचा विचार बदलला. असं दोनदा झालं. कायदा काय म्हणतो ते नंतर वाचलं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २२ आणि २३ प्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. निर्णय तीन महिन्यांत कळवावा लागतो, नाही कळवला तर अर्जदार सभासद झाला असं धरलं जातं. नकाराविरुद्ध निबंधकाकडे अपील करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात, उपविधीत तशी अट असेल तर एका समाजापुरती सोसायटी ठेवता येते असं म्हटलं. पण आपल्याला नाकारणाऱ्या बहुतेक सोसायट्यांच्या उपविधीत असं काही नसतं. अडचण वेगळीच आहे. आपल्याला मिळणारा नकार कागदावर येतच नाही. तो एजंटच्या फोनवर येतो, अर्ज करायच्या आधी. मग अपील कशाविरुद्ध करणार?

दोनदा असं झालेला माणूस तिसऱ्या ठिकाणी फक्त एकच प्रश्न विचारतो: "आम्हाला देतील ना?" हो म्हटलं की तो इतका सुटतो की पुढचे प्रश्न विचारायचं विसरतो. आम्ही तसेच सुटलो.

दुसरं कारण, व्याज. अब्बांना कर्ज नको होतं. व्याज घ्यायचं नाही आणि द्यायचंही नाही, हे त्यांचं ठाम मत आहे आणि मी त्याचा आदर करतो. बिनव्याजी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न्यायचा नाही असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ठरवलं, त्यामुळे अशा माणसाला सरळ पर्यायही उरला नाही. पण इथे एक गोष्ट निसटते. गृहकर्ज देताना बँक स्वतःच्या पैशाच्या काळजीपोटी वकील नेमते. तो जमिनीचा तीस वर्षांचा इतिहास काढतो, परवानग्या मागतो. ही तपासणी दर वेळी निर्दोष असते असं नाही, पण निदान कुणीतरी कागद वाचतं. कर्ज न घेणाऱ्याचे कागद कुणीच वाचत नाही. उलट काही बिल्डर अशाच गिऱ्हाइकाची वाट पाहत असतात. रोख देणारा, हप्त्याने देणारा, बँक मध्ये न आणणारा. जे घर बँकेला गहाण ठेवून घेणार नाही, ते फुकट मिळालेल्या विश्वासावर घेऊ नका. व्याज टाळायचं असेल तर वकिलाचा खर्च टाळता येणार नाही.

तिसरं कारण सांगताना मला सगळ्यात जड जातं. आम्हाला फ्लॅट दाखवणारा एजंट आपलाच होता. सलाम करून घरात आला, अम्मीच्या हातचा चहा प्यायला. मशीद दोन मिनिटांवर, शेजारी सगळे आपले, काळजी कसली, असं म्हणाला. "आपला माणूस आहे, फसवणार नाही" हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं होतं. बाहेरच्यांनी दार बंद केलं हे खरं. पण आत घेऊन ज्याने बुडवलं तो आपल्यातलाच होता, हेही तेवढंच खरं आहे आणि ते आपण आपल्या व्यासपीठावर बोललं पाहिजे. ज्या दीनच्या नावावर आपण असा विश्वास टाकतो, त्यातच कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार करा हे सांगण्यासाठी आहे. लेखी मागणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं नाही. तो अदबीचाच भाग आहे.

आता पिशवीतल्या कागदांबद्दल. मी माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला आणि एका वकिलाकडे दोन संध्याकाळी बसलो. जे शिकलो ते असं.

नोटरी केलेल्या कराराने घर तुमचं होत नाही. त्याची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी व्हावी लागते. आणि नोंदणी झाली म्हणजे इमारत अधिकृत ठरली असंही नाही, कारण निबंधक दस्त नोंदवतो, जमिनीची मालकी तपासत नाही. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. अनधिकृत इमारतीलाही कर लागतो. लाइट बिलाचं तेच. ४१ इमारतींतले लोक कॅमेऱ्यासमोर जे कागद धरत होते, त्यांतले बरेचसे याच जातीचे होते.

पाहायचे कागद वेगळे आहेत. जमिनीचा सातबारा आणि त्यावरचे फेरफार. बिनशेतीचा आदेश. विकास आराखड्यात त्या सर्व्हे नंबरवर काही आरक्षण आहे का. मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, ते किती मजल्यांसाठी आहे हे मोजून. आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. इमारत २०१७ च्या मे महिन्यानंतरची किंवा तेव्हा अपुरी असेल आणि आठपेक्षा जास्त फ्लॅटची असेल तर महारेराची नोंदणी. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागू शकत नाही. हप्त्याने रोख देणाऱ्यांनी हे एवढं तरी पाठ करावं.

रेरा नंबर आहे म्हणून डोळे मिटू नका. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींच्या प्रकरणात महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराची नोंदणीही मिळवली गेली होती. म्हणून बिल्डरने दिलेली झेरॉक्स पुरत नाही. तो क्रमांक घेऊन नगररचना विभागात स्वतः पडताळायचा.

वसई-विरारमध्ये आणखी एक सापळा आहे. २००९ मध्ये महापालिका होण्याआधी इथे चार नगरपालिका आणि पन्नासहून अधिक गावं होती, नियोजनाचं काम अनेक वर्षं सिडकोकडे होतं. त्यामुळे "ही जुनी ग्रामपंचायतीची परवानगी आहे" असं सांगून काहीही खपवता येतं. तसं कुणी म्हणालं की तो कागद आणि त्याची तारीख मागायची.

आमच्या अर्जाचं उत्तर आलं. आमच्या इमारतीला चार मजल्यांची परवानगी आहे. अब्बांचा फ्लॅट पाचव्यावर आहे. ओसी नाही.

हे त्यांना सांगायला मी तीन दिवस घेतले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी हवेत राहतो." अम्मी आत गेली आणि भांडी घासायला लागली, जी आधीच घासलेली होती.

मला माहीत आहे, दोष कुणाचा हे विचारलं जाईल. परवानगीपेक्षा जास्त मजले चढवून विकणारा बिल्डर गुन्हेगार आहे. वर्षानुवर्षं बांधकामं उभी राहत असताना न बघणारी यंत्रणा जबाबदार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळलं, तिथे एका लहानग्या मुलीच्या वाढदिवसाला लोक जमले होते. १७ जण गेले. त्या माणसांनी कागद वाचायला हवे होते असं म्हणणारा मी कोण? घर विकत घेणाऱ्याला गुप्तहेर व्हावं लागणं हीच मुळात व्यवस्थेची हार आहे आणि त्यासाठी आपण सर्व समाजांच्या रहिवाशांसोबत उभं राहिलं पाहिजे. छत कोसळताना कुणाचं आडनाव विचारत नाही.

पण व्यवस्था सुधारेपर्यंत आपले आई-बाप कुठेतरी घर घेणारच आहेत. आणि म्हाताऱ्या माणसाला दुसरी संधी नसते. माझा फ्लॅट बुडाला तर मी पुन्हा कमवेन. अब्बांचा फंड एकदाच मिळतो.

म्हणून एक साधी सूचना. आपल्यात आता वकील आहेत, आर्किटेक्ट आहेत, बँकेत आणि महसूल खात्यात काम करणारी मुलं-मुली आहेत. महिन्यातून एका रविवारी, मशिदीच्या वरच्या खोलीत किंवा शाळेच्या वर्गात, दोन तास बसायचं. ज्याला घर घ्यायचंय त्याने कागद घेऊन यायचं, टोकन देण्याच्या आधी. बायकांनीही यायचं, कारण करारात बहुतेकदा त्यांचं नावच नसतं आणि नंतर त्याच घरात एकट्या राहायची वेळ त्यांच्यावरच येते. धर्म-जात न विचारता कुणालाही येऊ द्यायचं. आणि ज्यांनी घर आधीच घेतलंय त्यांनी सोसायटीच्या कमिटीवर जायचं. "आपल्याला कोण विचारतं" म्हणून सर्वसाधारण सभेला न जाणारे आपणच जास्त असतो. इमारत अधिकृत असूनही बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे केली नसेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, पण तो सोसायटीने करायचा असतो, आणि सोसायटी म्हणजे आपणच.

आमच्या इमारतीत सुरुवात झाली आहे. गेल्या महिन्यात अब्बांनी पिशवी उचलली आणि तळमजल्यावर वॉचमनच्या टेबलावर नेऊन ठेवली. शेजारच्या गुप्ताजींनी त्यांची फाइल आणली, तिसऱ्या मजल्यावरच्या डिसोझा मावशींनी त्यांची. आता सव्वीस घरांचे कागद एका यादीत आहेत. वकील ठरला आहे, खर्च वाटून घेतला आहे, स्ट्रक्चरल ऑडिटसाठी माणूस पुढच्या आठवड्यात येतोय. पाचव्या मजल्याचं काय होणार ते अजून ठरायचं आहे.

अब्बा रोज विचारतात, वकिलाचा फोन आला का. तुमच्या घरातली पिशवी आज काढा. तुम्ही एकट्याने वाचू शकत नसाल तर कुणालातरी सोबत घ्या.