बँक निफ्टी आपला, सुगावा न्यूयॉर्कचा

उंबरमाळीहून सकाळची मुंबईकडे जाणारी लोकल पकडत असाल, तर हे चित्र तुम्ही पाहिलं असेल. सव्वानऊ वाजतात, मोबाइलला रेंज येते आणि शेजारचा बँक निफ्टीचा ऑप्शन घेऊन मोकळा होतो. कदाचित तुम्हीही. पण समोर विकणारा कोण, हे कधी विचारलंत?

१७ जानेवारी २०२४ चं उदाहरण घ्या. सेबीच्या म्हणण्यानुसार, जेन स्ट्रीट या अमेरिकन कंपनीने सकाळी बँकांचे शेअर्स धडाधड घेऊन निर्देशांक वर ढकलला. त्याच वेळी निर्देशांक पडला तर फायदा होईल असे ऑप्शन्स स्वस्तात जमवले. दुपारी शेअर्स विकले. शेअर्समध्ये सुमारे ६२ कोटींचा तोटा, ऑप्शन्समध्ये सुमारे ७३५ कोटींचा नफा. एका दिवसात! ३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशात सेबीने ४,८४३ कोटी रुपये जमा करायला लावले. कंपनीने ते भरले, पण आरोप तिला मान्य नाहीत. प्रकरण रोखे अपील न्यायाधिकरणात, म्हणजे ‘सॅट’मध्ये गेलं.

आता गंमत बघा. सेबीला सुगावा लागला तो एप्रिल २०२४ मधल्या बातम्यांवरून. जेन स्ट्रीटने आपल्या दोन माजी ट्रेडर्सवर न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा ठोकला होता, गुपित पळवल्याचा. ते गुपित भारतातल्या ऑप्शन्सचं आहे, हे सुनावणीत फुटलं. दोन मालकांच्या भांडणात आपल्या घरातली चोरी कळावी, तसं.

मग देशोदेशीचे बाजार नियामक एकमेकांना काहीच सांगत नाहीत का? सांगतात. ‘आयोस्को’ ही त्यांची संघटना, मुख्यालय माद्रिदला. तिच्या २००२ च्या सामंजस्य करारावर सेबीने २००३ मध्येच सही केली आहे. त्यानुसार व्यवहारांच्या नोंदी, बँक खात्यांचा तपशील, खऱ्या मालकाचं नाव मागवता येतं. आपणहून कळवायलाही त्यात जागा आहे, पण मुख्य रस्ता अर्जाचाच. आणि अर्ज करायला आधी संशय यावा लागतो. सौदा सेकंदात होतो, पत्रव्यवहाराला महिने लागतात.

किंमत कोण मोजतं? सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या ९३ टक्के व्यक्ती तोट्यात गेल्या होत्या. सगळा दोष परदेशी कंपन्यांचा नाही, टेलिग्रामवरच्या टिप्सचाही आहे, हे मान्य.

सॅटचा निकाल येईल तेव्हा दंडाच्या आकड्याआधी मी एकच गोष्ट शोधणार आहे: परदेशातून कोणती कागदपत्रं मागवली आणि ती आली का.