कंटेनर म्हणजे गाडी नव्हे!



द्राक्षांचा हंगाम आला की आपल्या निफाड तालुक्यात एक शब्द सारखा कानावर पडतो. तो म्हणजे कंटेनर. "आज कंटेनर लागणार", "कंटेनर भरला", "तो बघ कंटेनर चालला!" मोठी लांब गाडी दिसली की आपण तिला कंटेनर म्हणतो. माझ्या मते हे बरोबर नाही.

इंग्रजीत कंटेन म्हणजे आत सामावणे. ज्यात काही सामावते तो कंटेनर. पिठाचा डबा, लोणच्याची बरणी, आपला जेवणाचा डबा हे सगळे इंग्रजीत कंटेनरच. जहाजाच्या धंद्यात मात्र कंटेनर म्हणजे ठराविक मापाची पोलादी पेटी. ती आठ फूट रुंद आणि बहुधा वीस किंवा चाळीस फूट लांब असते. तिला चाके नसतात. खालची गाडी वेगळी, वरची पेटी वेगळी. पेटीच्या कोपऱ्यांना भोके असतात. त्यात खटके अडकवून ती गाडीवर पक्की करतात. खटके सोडले की क्रेन तिला अलगद उचलते.

पूर्वी एकेक पोते, एकेक खोके हमाल जहाजात चढवीत. जहाज कित्येक दिवस धक्क्याला उभे राही. मग २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील मॅल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याने ५८ पेट्या जहाजावर ठेवून नेवार्कहून ह्यूस्टनकडे पाठवल्या. पुढे जगभर हीच रीत पडली. माल न उघडता अख्खी पेटीच गाडीवरून जहाजावर जाऊ लागली. खर्च वाचला, वेळ वाचला. पण बंदरावरच्या पुष्कळ हमालांचे काम गेले, हेही आपण विसरू नये.

आता कोणी म्हणेल, "अरे पोरा, गाडी म्हण नाहीतर पेटी म्हण, द्राक्षं पोचल्याशी कारण!" पण फरक पडतो. गाडी उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरापर्यंत जाते आणि माघारी येते. पेटी मात्र जहाजाने पार हॉलंडच्या रॉटरडॅम बंदरापर्यंत जाते. आमच्या आळीत पुष्कळ जण वहीत फक्त गाडीचा नंबर लिहितात. पुढे व्यापारी म्हणाला, "माल उशिरा पोचला, खराब निघाला, पैसे कमी मिळतील," तर गाडीचा नंबर काय कामाचा?

पेटीवर तिचा स्वतःचा नंबर रंगवलेला असतो. त्यात चार इंग्रजी अक्षरे आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा आधीच्या अक्षरांवरून व आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो, म्हणजे लिहिताना चूक झाली तर बहुधा पकडता येते. जहाज कंपनीच्या कागदावर हाच नंबर असतो. त्यावरून पेटी कुठवर पोचली याचा तपास लागतो. दाराला लावलेल्या सीलचाही नंबर असतो.

परके शब्द वापरू नका असे माझे म्हणणे नाही. बस, टेबल, कंटेनर हे आता आपलेच झाले. पण जो शब्द रोज तोंडात आहे त्याचा अर्थ विचारून घ्यावा. नाहीतर तोटा आपलाच होतो.

तेव्हा मित्रांनो, या हंगामात माल भरताना वही-पेन्सिल घेऊन उभे राहा. मोठ्या माणसांना तेव्हा घाई असते. आपल्याला लिहिता येते. पेटीचा आणि सीलचा नंबर आपण लिहून घरी द्यावा, असे मला वाटते.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी